चितळाचं गाणं कोणी दिलं

कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावच्या जिल्हा परिषद शाळेत मी सात वर्षं होते. शाळा दोन शिक्षकी. मुख्याध्यापक सरांकडे पहिली-दुसरी, माझ्याकडे तिसरी-चौथी. मी चंद्रपूरची, कोळशाच्या धुळीत वाढलेली. चितळ पाहिलं होतं ते ताडोब्याच्या सहलीत, बसच्या खिडकीतून. माझ्या वर्गातल्या मुलांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, ते रोज धान खायला येत असे.

त्या वर्षी प्राण्यांचा धडा शिकवायला घेतला. धड्यात वाळवंटातला उंट होता आणि बर्फातलं पांढरं अस्वल होतं. मी फळ्यावर ‘अनुकूलन’ असा शब्द लिहिला आणि मुलांकडून तीनदा म्हणवून घेतला. मुलांनी तो हेल काढून म्हटला आणि विसरून गेली. म्हटलं, जवळचं उदाहरण द्यावं. चितळाला धोका दिसला की ते काय करतं, मीच विचारलं आणि उत्तरही मीच देऊन टाकलं, “पळतं.”

“नाई पळत, मॅडम.”

शेवटच्या ओळीतून आवाज आला. चौथीतली एक मुलगी होती. हजेरीला ‘हजर’ म्हणण्यापलीकडे तिचा आवाज मी फारसा ऐकला नव्हता.

“मग काय करतं?”

“पयले पाय आपटते.”

“करून दाखव बरं.”

ती उठून दोन रांगांच्या मध्ये आली. मान ताठ केली. डोळे एका ठिकाणी खिळवले. एक पाय गुडघ्यातून हळूच वर घेतला, तसाच धरून ठेवला आणि खाडकन फरशीवर आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. मग तिने एक हात पाठीमागे नेऊन पंजा वर उघडला.

“शेपूट असं वर करते. खालून पांढरं असते ना, ते बाकीच्यायले दिसते. पयले सांगते, मंग पळते.”

पयले सांगते, मंग पळते. माझ्या सबंध धड्यात एवढं नेमकं वाक्य नव्हतं. त्या दिवशी पुस्तक मिटलं आणि मुलांना म्हटलं, तुम्हाला माहीत असलेला एकेक प्राणी करून दाखवा. एकजण खवल्या मांजर होऊन अंग गुंडाळून पडला, तिघांनी ओढूनही उलगडेना. दोघं वानरं होऊन बाकावर चढली आणि घशातून ‘खक्’ असा आवाज काढू लागली. वानर तसं ओरडलं की समजायचं, वाघ किंवा बिबट जवळ आहे. अस्वल कसं करायचं यावर वाद झाला. अस्वलाच्या वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात नसतात, त्या फटीतून ते उधळी, म्हणजे वाळवी, ओढून घेतं, हे मी वाचलेलं होतं ते सांगितलं. लगेच तिसरीतली एक चिमुरडी तोंड उघडून पुढे आली. तिचे पुढचे दोन्ही दात पडले होते. त्या वर्षी अस्वल व्हायची पात्रता हीच ठरली, आणि दात हलायला लागलेली दोन मुलं रोज मला ते हलवून दाखवू लागली.

याचं नाचगाणं करायचं माझ्या मनात आलं. पण मला सूर नाही. मी वर्गात प्रार्थना सांगितली तरी मुलं एकमेकांकडे बघतात. तेव्हा चितळ करून दाखवणारी ती चौथीतली मुलगी म्हणाली, “माझे बाबा वाजवते ना पेटी.”

तिचे बाबा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक असतं. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. वडशाच्या एका नाटक मंडळीत तो ऑर्गन वाजवायचा. बाकीचं वर्ष धानशेती. रोवणी आटोपली की त्याच्या दुपारी मोकळ्या असत. मी निरोप पाठवला आणि तो दुसऱ्याच दिवशी जुनी पेटी डोक्यावर घेऊन शाळेत हजर झाला.

“सांगा मॅडम, काय वाजवू?”

माझे शब्द तयार होते:

पाय आपट, पाय आपट, वास कुठून आला?
शेपूट वर, पांढरं वर, सांगा साऱ्या रानाला!

त्याने दोन-तीनदा मान डोलावत वाचलं आणि चाल लावली. इतकी सोपी की पहिलीतली मुलं खिडकीतून ऐकून म्हणू लागली. त्याच्या पेटीचा भाता फाटका होता. सूर न दाबता तो नुसता हलवला की ‘हुफ् हुफ्’ असा श्वास निघे. त्यावर बिनदातांची अस्वलं उधळीचं वारूळ फोडत. वानरं बाकावरून पाला खाली टाकत आणि चितळं तो खात, कारण जंगलात खरंच तसं घडतं. वरचा पाला खालच्याला मिळतो आणि खालच्याचं नाक वरच्याच्या कामी येतं.

एका तालमीत त्याने मला थांबवलं.

“मॅडम, तुमचं गाणं नुसतं धावून राह्यलं. चितळ थांबते ना? मंग गाणं बी थांबाले पाहिजे.”

“म्हणजे?”

“पाहा.” वानराचं ‘खक्’ झालं तशी त्याने बोटं उचलली. पेटी बंद. मुलं एक पाय उचलून जागच्या जागी गोठली. पाठीमागे नेलेल्या हातात प्रत्येकाने पांढरा रुमाल धरला होता, तो वर झाला. कुणी श्वास घेत नव्हतं. बाहेर हापशावर कुणीतरी पाणी भरत होतं तेवढाच आवाज. मग त्याने एकदम सूर दाबला आणि बारा चितळं वर्गभर उधळली.

ती सारी त्याची करामत होती. तो थांबा नसता तर माझं गाणं शाळेतल्या इतर शंभर गाण्यांसारखंच झालं असतं. सहामाहीच्या परीक्षेत मी प्रश्न घातला, चितळाच्या शेपटीची खालची बाजू पांढरी का असते? एकाही मुलाने तो सोडला नाही. एकाने एकच शब्द लिहिला होता, ‘सांगाले’. मी पूर्ण गुण दिले.

त्या पावसाळ्यात तो आठवड्यातून तीनदा यायचा. मी चहा करायची, तो नाटकातल्या गमती सांगायचा. माझा सख्खा भाऊ दूर पुण्याला, म्हणून राखीच्या दिवशी मी याला राखी बांधली. त्याच्या मुलीने शेजारी उभं राहून ताट धरलं होतं. आता ती वर्गात बोलू लागली होती. कोणत्या पायवाटेवर कोणत्या प्राण्याचा माग दिसला हे ती मला सकाळी येऊन सांगायची, आणि नाचात तिच्यामागे बाकीची चितळं चालायची. दिवाळीनंतर केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक आमच्या शाळेत जमणार होते. सर म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी आपली ही चितळं सोडू.”

दिवाळीची सुट्टी संपवून मी चंद्रपूरहून परतले. मधल्या सुट्टीत हातात डबा घेऊन ओट्यावर आले तर मैदानात चौथीची मुलं आमचा नाच करत होती. मला आधी बरं वाटलं. सुट्टीतही विसरली नाहीत, म्हटलं. मग शब्द ऐकू आले.

पाय आपट, पाय आपट, वास कुणाचा आला?
पदर वर, पांढरं वर, सांगा माझ्या राजाला!

थांबा आला, तिथे सगळे थांबले. एक मुलगा पाठ करून उभा राहिला आणि कमरेपाशी रुमाल उडवू लागला, आणि बाकीच्यांनी शिट्ट्या मारल्या. मला बघताच सगळे पांगले.

एकाला धरून विचारलं. तो बिचकत म्हणाला, “नाटकात हाय, मॅडम. मंडईले होतं. बाई नाचते त्याच्यावर. वन्स मोर भेटला.”

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. चाल कुणाची आहे ते विचारायची गरज नव्हती. ती मुलगी हापशापाशी एकटी उभी होती, पाणी न काढता नुसता दांडा धरून. मी तिच्याजवळ गेले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

“मॅडम, तुमी देल्लं का गाणं त्यायले?”

“मी? नाही ग. मला आत्ता कळतंय.”

“बाबा तर म्हणे, मॅडमले इचारून घेतलं. मॅडमनंच देल्लं म्हणे.”

मी पुन्हा नाही म्हटलं. नऊ-दहा वर्षांच्या मुलीने बाप खोटं बोलतो असं मानावं की मॅडम खोटं बोलते असं? घंटा झाली आणि ती वर्गात जाऊन शेवटच्या ओळीत बसली.

शाळा सुटल्यावर मी सरळ त्याच्या घरी गेले. प्रयोगाचं जागरण झालेलं, तो नुकताच उठून अंगणात तोंड धूत होता. त्याची बायको सुपाने धान पाखडत होती.

“या मॅडम, बसा. ऐकलं का? आपलं गाणं गाजून राह्यलं!”

त्याच्या चेहऱ्यावर खरंच आनंद होता. हे आठवलं की मला आजही काही सुचत नाही.

“भाऊ, ते पोरांचं गाणं होतं.”

“हाव ना. निर्माता म्हणे नवीन काई दे. माझ्या बोटात तेच होतं. चाल तर माझीच हाय, मॅडम. शब्द थोडे फिरवले.”

“थोडे?”

“नाटकात तसं लागते जी. पब्लिक पाहिजे.”

“आणि तो थांबा? तुम्हीच शिकवला होता मला. तिथेच ती बाई पाठ फिरवते म्हणे.”

तो टॉवेलने तोंड पुसत राहिला. उत्तर बायकोने दिलं. “पोट्टीले मी घेऊन गेली होती मंडईले. समोरच बसून होती. बाबाच्या ऑर्गनवर चाल निघाली तशी उठूनच उभी झाली, माझं गाणं हाय म्हणे. मागचे लोक बस बस म्हणून राह्यले, तरी बसेना. मंग ते बाई आली नाचाले.” सूप हलवता हलवता ती थांबली. “घरी येईस्तोवर बोलली नाई पोट्टी.”

“भाऊ,” मी म्हटलं, “गाणं घेतलं ते घेतलं. मी दिलं असं तिला का सांगितलं?”

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. मग खाली बघत म्हणाला, “रडून राह्यली होती मॅडम. इचारे, मॅडमले माहीत हाय का. हाव म्हटलो. हाव म्हटलं तर उगी राहील असं वाटलं.”

“तिच्या तोंडून आता गावभर तेच झालंय.”

“चुकलो. शनवारी समितीची सभा हाय ना, तिथी पाच जनात सांगतो, मॅडमनं नाई देल्लं, मी नेलो. शब्द देतो तुमाले.”

मी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर मला ठेवायचाच होता. घरी येताना माझा अर्धा राग उतरला होता.

शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची सभा भरली. एरवी चार डोकी येतात, त्या दिवशी वर्ग भरला होता. सभेआधी सरांनी मला बाजूला घेतलं. “मॅडम, तो समितीचा सदस्य आहे, गावात त्याचं वजन आहे. तोच बोलतो म्हणाला ना? मग तुम्ही शांत राहा. आपल्याला इथेच नोकरी करायची आहे.” मी मान हलवली. मुलं खिडकीच्या गजांना लोंबकळत होती आणि त्यांच्यात ती होती.

अस्वल झालेल्या चिमुरडीची आई पहिल्यांदा बोलली. “आमच्या पोरी अशा नाचासाठी नाई धाडत आमी शाळेत. मॅडमनं गाणं नाटकवाल्यायले देल्लं म्हणते. खरं हाय का?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो दाराजवळ सतरंजीवर बसून तिचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होता. मी थांबले. आता बोलेल, आता बोलेल. शेवटी त्याने घसा साफ केला.

“झालं ते झालं,” तो म्हणाला. “मॅडम चांगल्या हाय. मेहनत करते पोरायसाठी. चूक मानसाचीच होते. आता ते गाणं शाळेत नको, एवढंच करा. विषय संपवा.”

माना डोलल्या. कुणीतरी म्हणालं, “हाव, भाऊ बराबर बोलून राह्यला.” चिमुरडीची आईही नरमली. त्याने भर सभेत मला माफ केलं होतं. न केलेल्या चुकीबद्दल.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. पण खिडकीत ती मुलगी दिसत होती. तिच्या बापाला तिच्यादेखत, गावादेखत खोटं पाडायचं? मी मनाशी म्हटलं, पोरीसाठी गप्प बसू. सरांनी इतिवृत्तात लिहिलं, ‘सदर गीत शाळेत घेण्यात येऊ नये.’ मी सही केली. त्याने माझ्यानंतर सही केली आणि पेन माझ्याच हातात परत दिलं.

केंद्रातले शिक्षक आले त्या दिवशी आमच्या मुलांनी लेझीम केलं. हंगामभर ते गाणं वाजत राहिलं. आरमोरीच्या बाजारात मोबाइलच्या दुकानासमोर ऐकू आलं, मार्कंड्याच्या जत्रेहून आलेल्या बायकाही ते गुणगुणत होत्या. लोकांना चाल आवडत होती, आणि चाल चांगलीच होती. रागाने जीव पेटलेला असतानाही माझा पाय ताल धरायचा, आणि मग मला माझाच राग यायचा.

तो शाळेत यायचा बंद झाला. रस्त्यात भेटला की नमस्कार करायचा, मीही करायचे. मला सर्वात जास्त लागलं ते हेच, की त्याच्या वागण्यात अपराध्यासारखं काही नव्हतं. सभेत ठरलं ते त्याला खरंच वाटू लागलं असावं. मुलगी शेवटच्या ओळीत बसून राहिली. विचारलं तर उत्तर द्यायची, बरोबर द्यायची, पण आपणहून माग सांगायला पुन्हा कधी आली नाही. नाचाबद्दल तर वर्गात एक शब्द नाही.

चौथीनंतर आमच्या शाळेत पुढचा वर्ग नव्हता. जूनमध्ये ती दाखला न्यायला आली. कुरखेड्याला वसतिगृहात राहून पाचवी करणार होती. बाप गेटबाहेर गाडीवर बसून राहिला, आत आला नाही. मी दाखल्यावर तिची जन्मतारीख लिहीत होते तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, मले माहीत हाय तुमी नाई देल्लं.”

मी पेन ठेवलं. “कुणी सांगितलं?”

“आईनं.”

“कधी?”

“तवाच. तुमी घरी आले होते ना, त्याच दिवशी.”

म्हणजे सभेच्या आधी. मला कळायला क्षणभर लागला.

“मी खिडकीपाशी होती,” ती म्हणाली. “बाबानं तसं म्हटलं, तर मले वाटलं, आता मॅडम सांगते. तुमी बोललेच नाई.”

“तुझे बाबा होते ना तिथे. तुझ्यासमोर त्यांना कसं...”

“तर का झालं?”

तिच्या आवाजात चीड नव्हती. शंका विचारावी तसं तिने विचारलं होतं, आणि तिची शंका रास्त होती. मी काहीतरी बोलले असेन, आता आठवत नाही. दाखला घडी करून तिने पिशवीत ठेवला, माझ्या पाया पडली आणि गेली. गेटबाहेर बापाने विचारलेलं मला ऐकू आलं, “झालं का?” ती म्हणाली, “हाव.” गाडी सुरू झाली.

आपल्याला दगा झाला असं मी वर्षभर म्हणत होते, घरी फोनवर, सरांपाशी, स्वतःशी. त्या मुलीला दोन माणसांनी दगा दिला होता आणि त्यातली एक मी होते, हे त्या दिवशी कळलं. त्याने दिलेला दगा त्यामुळे कमी होत नाही. पण मला तेव्हापासून तो पूर्वीसारखा सहज सांगता येत नाही.

नव्या शैक्षणिक वर्षातल्या समितीच्या पहिल्या सभेत मी उभी राहिले आणि म्हटलं, चितळाचं गाणं मी नाटकाला दिलं नव्हतं, मला न विचारता नेलं होतं. समिती अजून जुनीच होती, तो समोर बसला होता. या वेळी त्याने वेळ लावला नाही. “हाव,” म्हणाला, “मीच नेलो होतो.”

कुणी दचकलं नाही. मागून एक म्हातारा हसत म्हणाला, “काऊन जुनं काढून राह्यले मॅडम? कोणाच्या ध्यानात हाय ते?” दोघं-तिघं हसले, तोही हसला. सरांनी ते वाक्य इतिवृत्तात घेतलं नाही. पुढचा विषय पोषण आहाराच्या शेडचा होता, तिथले पत्रे उडाले होते, आणि नवे कुणी आणायचे यावर चर्चा सुरू झाली.